पोत्याखालचा उंदीर

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो आधीच गेला होता. बहिणीला नाही. देवाला? देवाला ते माहीतच आहे, मग सांगायचं काय, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, हे बरं आहे. ओळखीचं माणूस समोर असलं की माझी जीभ भलतंच बोलते. तिला तशी सवय लागली आहे.

मी चौथी शिकले. पुढे शाळा नव्हती आणि असती तरी कोणी पाठवलं नसतं. धुळ्याला देवपुरात एक बायबल शाळा आहे, तिथे मी स्वयंपाक केला. शाळेचं नाव लिहीत नाही. शाळेचा यात दोष नाही. तिथे पोरं-पोरी तीन वर्षं राहून पाळक व्हायचं शिकतात. पाळक म्हणजे मंडळी सांभाळणारा माणूस — उपदेश करणारा, लग्नं लावणारा, मयताला माती देणारा. माझा नवरा तिथली जीप चालवायचा. तो गेल्यावर मला स्वयंपाकघरामागची खोली मिळाली, आणि मी तिथेच म्हातारी झाले.

पाळक कसा घडवतात ते मी चुलीपासून पाहिलं. सकाळी प्रार्थना, मग दुपारपर्यंत शास्त्राचे वर्ग. बुधवारी गट बसायचे आणि एकेकाला विचारायचे — या आठवड्यात तुझं मन कसं होतं? शुक्रवारी उपास, संध्याकाळपर्यंत चूल बंद. रविवारी ढोलकी घेऊन एसटीनं पारोळ्याकडे, अमळनेरकडे, खेड्यांत. आणि जेवणघरात उपदेशाचा सराव. एकानं उभं राहून बोलायचं, बाकीच्यांनी चुका काढायच्या. काही उपदेश इतके लांबायचे की पिठलं आटून जायचं. मी भाकरी थापत सगळं ऐकायचे. आवडायचं मला. का खोटं बोलू?

शाळा वेस्लियन पंथाची. त्यांची एक शिकवण सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पापाची माफी मिळाली तरी मनात पापाचं मूळ राहतं, असं ते मानतात — राग, हेवा, मोठेपणा. एक दिवस देव ते मूळही काढून टाकतो. त्याला ते शुद्ध हृदय म्हणतात. ज्याला ते मिळालं, त्यानं सगळ्यांसमोर तोंडानं सांगायचं — कुठे, केव्हा, कसं. याला साक्ष देणं म्हणतात. आणि पाळक म्हणून मंडळीत पाठवण्याआधी प्रत्येकाला विचारायचं — तुझी साक्ष काय आहे?

ही शिकवण चूक आहे असं मी म्हणत नाही. काही जणांना ते मिळालेलं मी पाहिलं आहे. माणूस खरंच मऊ झालेला पाहिला आहे. मला मिळालं नव्हतं. माझी साक्ष खोटी होती. — हे मी लिहिलं खरं, पण माझ्या उरावर जे बसलंय ते हे नव्हे. ते पुढे आहे.

तेव्हा माझा राग सगळ्या देवपुराला ठाऊक होता. नवरा गेल्यावर तर जास्तच. एकदा एका पोरानं भाकरी कच्ची आहे म्हणून ताट सारलं, तर मी त्याला उलथनं फेकून मारलं. भुवई फुटली त्याची. प्राचार्य सर चांगले माणूस. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अक्का, परत असं झालं तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

त्याच हिवाळ्यात जागृतीच्या सभा होत्या. बाहेरगावचा उपदेशक आला होता. शेवटी सगळ्यांनी पुढे लाकडी कठड्याजवळ गुडघे टेकायचे आणि शुद्ध हृदयासाठी प्रार्थना करायची. ज्याला मिळालं तो उठून उभा राहायचा. हीच तिथली रीत. उरलेल्यांनी गुडघ्यावरच राहायचं. मीही गेले. बायका रडत होत्या. माझे गुडघे दुखत होते आणि मला डाळीचा वास येत होता. संध्याकाळची डाळ मी चुलीवर ठेवून आले होते. लाकडं ओढली होती की नाही, आठवेना. वास वाढत चालला. मी उठले. डाळ बघायला उठले — बाकी काही नाही.

पण मी उठल्याबरोबर गाणं सुरू झालं. उपदेशकानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. सरांच्या डोळ्यांत पाणी. ज्याची भुवई फुटली होती तो पोरगा समोर हात जोडून उभा. "सांगा अक्का, देवानं काय केलं?" आता तुम्ही असता तर काय सांगितलं असतं? डाळ लागली आहे, असं? मी म्हणाले, "मनातला राग गेला." एवढेच शब्द. मग बाहेर पळाले. डाळ करपलीच होती. त्या रात्री ती सगळ्यांनी हसत खाल्ली.

सकाळी जाऊन सरांना खरं सांगता आलं असतं. हसले असते ते. पण सकाळी शिकलेली माणसं मला थांबवून नमस्कार करायला लागली. आणि मला ते आवडलं. नोकरीची भीती होती, पण भीतीवर ढकलणार नाही. मला ते आवडलं.

मग दर वर्षी नवीन पोरं आली की पहिल्या आठवड्यात सर मला उभं करायचे. मी साक्ष द्यायचे. साक्ष वाढत गेली. आधी फक्त राग गेला होता. मग त्यात उजेड आला, छातीत ऊब आली, मग नवऱ्याचं दुःखही हलकं झालं. डाळ त्यात कधीच नव्हती. पोरं वहीत लिहून घ्यायची. "मावशीला राग येतच नाही," असं एकमेकांना सांगायची. आणि राग? राग होता तिथेच होता. फक्त तो दाखवायला जागा उरली नव्हती. कोणी मीठ कमी म्हटलं की मी हसायचे, पदर दाताखाली धरायचे आणि स्वयंपाकघरामागे जायचे. तिथे ज्वारीची रिकामी पोती पडलेली असायची. लाकडानं ती बडवायचे. कोणी जवळ येत नसे. शुद्ध हृदयाच्या बाईशी कोण गप्पा मारणार? पोरी त्यांची भांडणं, त्यांची रडगाणी दुसरीकडे घेऊन जायच्या. मला फक्त प्रार्थना सांगायच्या. इतक्या माणसांचं रांधत होते आणि जेवायला एकटीच बसत होते.

आता रिबकाचं सांगते.

रिबका साक्री तालुक्यातल्या एका पाड्यावरून आली होती. दणकट, काळी, मोठ्यानं हसणारी. त्या पाड्यावरून शिकायला आलेली ती पहिलीच पोरगी. पाड्यावरच्या लोकांनी कुडाची प्रार्थनेची खोली बांधली होती आणि पाळक कोण म्हणून विचारलं की म्हणायचे, आमची रिबका येणार आहे शिकून. वर्गात ती पुस्तकी मराठी अडखळत बोलायची. पण रविवारी खेड्यात अहिराणीत बोलायला लागली की म्हाताऱ्या तंबाखू मळायच्या थांबायच्या. मी तीन-चारदा तिच्यासोबत गेले आहे. इतके उपदेश ऐकले, पण ऐकताना मी भाकरीचं विसरले ते फक्त तिच्या वेळी.

तिला माझी भीती वाटायची नाही. रोज येऊन भाजी निवडायला बसायची. माझ्याशी अहिराणीतच बोलायची. "मावशी, तुमनी भाकर चांदासारखी गोल, आणि मनी पाह्यनी का? नकाशा शे!" असं म्हणून स्वतःच हसायची. माझ्याकडे बसणारी ती एकटीच होती.

एक दिवस जेवणघरात उपदेशाचा सराव चालला होता. जळगावकडचा एक हुशार पोरगा उभा होता. त्यानं माझ्याकडे हात केला आणि म्हणाला, "बघा, ही चौथी शिकलेली अडाणी बाई. हिला मिळू शकतं, मग आपल्याला का नाही?" सगळ्यांनी प्रेमानं माझ्याकडे पाहिलं. मी हसले. मग मागे गेले, लाकूड उचललं आणि पोतं बडवायला लागले. तोंडानं काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्या पोराच्या आईलाही सोडलं नाही.

वळले तर रिबका. हातात पाण्याची बादली.

"काय व्हयनं मावशी?"

"उंदीर व्हता," मी म्हणाले. "पोत्याखाले."

"मरना का?"

"पळी गया."

तिनं बादली ठेवली आणि पोतं उचलून बघितलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग माझ्याकडे. दिवाळीच्या सुट्टीवरून परत आली तेव्हा टोपलीत मांजरीचं पिल्लू घेऊन आली. एसटीत ते इतकं ओरडलं की कंडक्टरनं तिला दोनदा उतरवायला काढलं होतं. "घ्या मावशी, तुमनं उंदीर धराले." पांढरं, एका कानावर काळा डाग. उंदीर नव्हताच, पण मांजर राहिली.

तिचं शेवटचं वर्ष संपत आलं. पाळक म्हणून पाठवायच्या आधी पंथाची जी वडील माणसं प्रश्न विचारतात, ती येणार होती. एका शुक्रवारी, चूल बंद होती, मी तांदूळ निवडत होते, रिबका येऊन समोर बसली. हसत नव्हती.

"मावशी, माले खरं सांगा. त्या दिवशी उंदीर व्हता का?"

मी तांदळातून नजर काढली नाही.

"सभामा बठ्ठा उठी जातस, मी एकलीच बशी ऱ्हास," ती म्हणाली. बठ्ठा म्हणजे सगळे. "कितली प्रार्थना करी. माले राग येस. माले हेवा वाटस. माले काहीच व्हत नही. तुमले खरंच राग येत नही? येत व्हई तर सांगा मावशी. कोणले सांगाव नही मी. माले फक्त मी एकलीच अशी नही, इतलं समजू द्या."

एवढंच मागत होती ती. आपण एकटे नाही, एवढंच. तिथे कोणी नव्हतं. चूल गार होती. हो म्हणायला मला काय लागलं असतं? एक शब्द. आणि खरं सांगू — मलाही तेच हवं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला, मला विचारत होतं.

मी म्हणाले, "उंदीरच व्हता. माले राग येत नही. तुना मनमा काहीतरी अडेल शे. कोणतं पाप दपाडी ठेयेल शे, ते शोध."

नुसतं खोटं बोलून मी थांबले असते तर एक वेळ चाललं असतं. मी ते तिच्यावर उलटवलं. लपवलेलं पाप माझं होतं, आणि शोधायला मी तिला पाठवलं.

ती शोधायला लागली. शुक्रवारचा उपास गुरुवारीही करायला लागली. लहानपणी कोणाच्या शेतातल्या शेंगा खाल्ल्या होत्या, ते आठवून घरी पत्र टाकलं. ज्या पोरींशी कधी भांडली होती त्यांची जाऊन माफी मागितली. त्या पोरींना भांडणं आठवतही नव्हती. माझीही मागितली — माझ्यावर संशय घेतला म्हणून. मी दिली. हो, मी तिला माफी दिली.

ती माणसं यायच्या आदल्या दिवशी प्राचार्य सर स्वयंपाकघरात आले. पाटावर बसले. "अक्का, रिबकाची साक्ष नाही. पण पोरगी खरी वाटते मला. उद्या ती खरंच सांगेल, की मला मिळालेलं नाही. तरीही मला तिला पाठवावंसं वाटतंय. ती तुमच्याजवळ बसते. तुमचं मन काय म्हणतं?"

एवढ्या शिकलेल्या माणसानं मला विचारलं. माझ्या हो म्हणण्यावर होतं सगळं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आणि मला काय वाटलं, सांगू? मला वाटलं, ही पाळक झाली तर वर्षातून दोनदा सभांना इथे येईल. माझी साक्ष ऐकत समोर बसेल. तिनं पोत्याखाली पाहिलेलं आहे.

मी म्हणाले, "पोरगी चांगली आहे, सर. पण अजून थांबवा. तिच्या मनात काहीतरी अडलंय."

सरांनी मान हलवली. पाटावरून उठले. मग गेले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी साक्षी दिल्या. त्या जळगावकडच्या पोरानं उत्तम दिली. निम्मी माझीच होती — तो उजेड, ती छातीतली ऊब. रिबका उभी राहून म्हणाली, मला अजून मिळालेलं नाही. तिला सांगितलं, घरी जा, वाट पाहा, पुढच्या वर्षी ये.

ती जाताना पेटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. "मांजरले दूध टाकत जा मावशी. लहानी शे आजून." मग म्हणाली, "मी शोधस. सापडनं का येस."

ती आली नाही. पाड्यावर दुसरा पाळक पाठवला, त्याला त्यांची बोली येत नव्हती. पावसाळ्यात रस्ता बंद झाला आणि नंतर त्यानं जायचं सोडलं. कुडाच्या खोलीत पुढे कोणीतरी शेळ्या बांधल्या, असं ऐकलं. मांजर मात्र पुष्कळ वर्षं जगली. रोज पायात घुटमळायची. मी तिला लाथ मारायचे, मग दूध घालायचे.

एकदा रिबका भेटली. अमळनेरच्या स्टेशनवर. मी भाचीकडे जळगावला निघाले होते. बाकावर एक बाई बसली होती, केस निम्मे पिकलेले. तिनंच मला ओळखलं. पाया पडली. चोपड्याकडे एका आश्रमशाळेत स्वयंपाक करते म्हणाली. "आता भाकर गोल येस मावशी." हसली, पण मोठ्यानं नाही.

"मांजर शे का?"

"मरनी."

"उंदरं गयात का?"

"गयात."

मग गाडीची घोषणा झाली. ती म्हणाली, "माले आजून सापडनं नही. तुमनासारखं मन बठ्ठासले भेटत नही ना."

विचारत नव्हती ती. तिचं ते ठरून गेलं होतं. मी तेव्हा म्हातारी झाले होते, नोकरी सुटली होती, गमवायला काही उरलं नव्हतं. मग का बोलले नाही? गाडी आली, असं म्हणू? गाडी तिथे पाच मिनिटं थांबली. मी म्हणाले, "वाट पाहा," आणि चढले. खिडकीतून तिनं माझी पिशवी आत दिली.

आता मी जळगावला भाचीच्या घरामागच्या खोलीत राहते. भाची सरोज कामाला जाते. दिवसभर कोणी नसतं. मध्यंतरी शाळेचे नवे प्राचार्य आले — तोच जळगावकडचा पोरगा, आता टक्कल पडलेला, चांगला माणूस झालेला. फोन घेऊन आला. "मावशी, तुमची साक्ष रेकॉर्ड करून ठेवतो. नवीन मुलांना दाखवू. तुम्ही आमचा ठेवा आहात." खिडकीपाशी खुर्ची लावली. माझा पदर सारखा केला.

मी पुन्हा दिली. गेल्या इतक्या वर्षांत दिली नव्हती तितकी चांगली दिली. शेवटी त्यानं विचारलं, "ज्यांना अजून मिळालं नाही, त्यांना काय सांगाल?" मी फोनकडे पाहिलं आणि म्हणाले, "मन शोधा. काहीतरी अडलं असेल."

त्यानं ते शाळेच्या सगळ्या जुन्या पोरांना फोनवर पाठवलं. सरोजलाही आलं. तिनं मला दाखवलं. शेकडो लोकांनी खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं होतं. त्यात रिबकाचंही नाव होतं, फोटोत आश्रमशाळेच्या पोरी आणि मोठं पातेलं. तिनंही हात जोडले होते. सरोज म्हणाली, "मावशी, हिचा नंबर आहे, लावू का?" मी म्हणाले, राहू दे. रोज सरोज फोन इथेच चार्जिंगला लावून अंघोळीला जाते. मी अजून रिबकाला फोन लावलेला नाही.

मी उद्या मेले तरी दर वर्षी पहिल्या आठवड्यात नवीन पोरं मला ऐकतील. त्यातली एखादी खाली मान घालून शोधायला लागेल.

पोत्याखाली उंदीर नव्हता. मला राग आला होता, मी पोतं बडवत होते, आणि रिबकानं पाहिलं ते बरोबर होतं. तिच्या मनात काही अडलेलं नव्हतं.